कुलूप तोडायचे कशाला? दार उघडेच आहे!

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणक प्रणालीचा मोफत आधार बंद केला. ज्यांच्या खिशात पैसा आहे त्यांनी नवे संगणक घेतले आणि विषय संपवला. परंतु आपल्या वस्तीतील समाजमंदिरात, विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात आणि भाड्याच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या टेबलावर जे दहा-बारा वर्षांचे संगणक आहेत, त्यांचे काय? या प्रश्नावर आपल्याकडे चर्चा नाही. म्हणून आज या सदरात आम्ही थोडा वेगळा विषय घेत आहोत. विषय तांत्रिक वाटेल. पण तो आपल्या स्वाभिमानाशी, आपल्या मुलांच्या शिक्षणाशी आणि कायद्याशीही जोडलेला आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल.

विंडोज ११ या नव्या प्रणालीसाठी कंपनीने अटी घातल्या आहेत. किमान ४ जीबी रॅम हवी, ६४ जीबी साठवण हवी, टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय हवी आणि प्रोसेसर कंपनीने मान्य केलेल्या यादीतला हवा. या अटींत न बसणारा संगणक बिघडलेला असतो का? मुळीच नाही. त्याचा पडदा दिसतो, कळफलक चालतो, हिशेब तो अचूक करतो. कंपनीने त्याला फक्त 'अपात्र' ठरवले आहे. आणि चांगल्या धडधाकट जिवाला कुणीतरी दुसऱ्याने बसून अपात्र ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

धूळ खात पडलेले संगणक

आपल्या अभ्यासिकांत संगणक येतात कसे, हे आपण जाणतोच. एखाद्या कार्यालयाने निर्लेखित केलेले, एखाद्या नोकरदार बांधवाने घरचा नवा घेतल्यावर दिलेले, एखाद्या लोकप्रतिनिधीच्या निधीतून आलेले. उद्घाटनाला फीत कापली जाते, फोटो निघतो. सहा महिन्यांत संगणक मंद होतो. बटण दाबून मुलगा बाहेर चहा पिऊन आला तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असते. मग कुणीतरी म्हणतो, 'कामातून गेला.' त्यावर प्लास्टिकचे आवरण चढते आणि त्या आवरणावर हार-तुरे, पत्रके, निवेदनांच्या प्रती यांची थप्पी लागते.

इकडे शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाईन, वसतिगृहाचा अर्ज ऑनलाईन, जात पडताळणीचा अर्ज ऑनलाईन, भरतीचा अर्ज ऑनलाईन. आपला विद्यार्थी मोबाईलच्या चार बोटांच्या पडद्यावर कागदपत्रे चढवण्याची धडपड करतो, शेवटच्या दिवशी संकेतस्थळ अडकले की दुकानात धावतो आणि प्रत्येक अर्जामागे पैसे मोजतो. स्वतःच्या अभ्यासिकेत तीन संगणक आवरणाखाली झाकलेले असताना त्याने बाहेर रांगेत उभे राहावे, ही आपल्या व्यवस्थापनाची शोकांतिका आहे.

'क्रॅक' मारण्याचा रोग

अशा वेळी एक मार्ग सर्रास वापरला जातो. दुरुस्तीवाला पोरगा येतो, दोन-चारशे रुपये घेतो आणि 'क्रॅक' मारलेली विंडोज टाकून जातो. संगणक महिनाभर बरा चालतो, पुन्हा मंदावतो. या क्रॅकबरोबर विषाणू फुकट मिळतो, तो वेगळाच. परवान्याचे कुलूप तोडणारी ही साधने कुठून आली, कुणी बनवली, ती आपल्या संगणकात बसून काय पाहतात, हे ती टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि त्याच संगणकावर आपण बँकेचा पासवर्ड आणि आधार क्रमांक टाकत असतो.

वकील म्हणून आम्हाला येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कॉपीराईट कायदा, १९५७ यातील कलम ६३ ब वाचा. एखाद्या संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस आणि कमाल तीन वर्षे कारावास, शिवाय किमान ५० हजार आणि कमाल २ लाख रुपये दंड, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर नसेल, तर पुरेशी व विशेष कारणे निकालपत्रात नमूद करून न्यायालय कारावास टाळू शकते. तरीही ५० हजारांपर्यंतचा दंड होऊ शकतो. म्हणजे अभ्यासिकेला कदाचित सवलत मिळेल, परंतु ऑनलाईन अर्ज भरून पोट भरणाऱ्या आपल्या दुकानदार तरुणाला ती सवलत मागता येणार नाही.

कुणी म्हणेल, 'साहेब, सगळेच वापरतात, पकडतो कोण?' सगळे वापरतात हे खरे. पण कायद्याचा बडगा सगळ्यांवर सारखाच पडतो असा आपला अनुभव आहे काय? ज्याच्या ओळखी आहेत तो सुटतो आणि ज्याच्या नाहीत तो कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. पोलीस भरतीची, तलाठ्याची तयारी करणाऱ्या मुलाच्या नावावर असला क्षुल्लक गुन्हा नोंदला गेला, तर चारित्र्य पडताळणीच्या रकान्यात तो काय लिहिणार? पाचशे रुपये वाचवण्यासाठी आयुष्यभराचा घोर विकत घ्यायचा हा सौदा शहाणपणाचा नाही. आणि तो करण्याची गरजही नाही. कारण कुलूप तोडण्याची वेळच येऊ नये असे एक दार शेजारी उघडे आहे. त्याचे नाव लिनक्स.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

१९८३ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली. त्यामागचा विचार असा, की सॉफ्टवेअर कुणालाही वापरता आले पाहिजे, त्याच्या आतली मूळ संहिता वाचून तपासता आली पाहिजे, त्याची प्रत दुसऱ्याला देता आली पाहिजे आणि त्यात सुधारणा करून ती सुधारणाही वाटता आली पाहिजे. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातल्या लायनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने घरच्या साध्या ३८६ संगणकासाठी एका प्रणालीचा गाभा लिहिला. तो गाभा आणि ग्नूची साधने एकत्र आली आणि जगभरच्या हजारो माणसांनी त्यावर हात फिरवला. आज ज्याला आपण लिनक्स म्हणतो ते हे.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले असल्याने तिकडे गोंधळ होतो. मराठीचे तसे नाही. आपल्याकडे 'फुकट' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे. फुकट म्हणजे कुणीतरी उपकार म्हणून दिलेले, उद्या मनात आले तर काढून घेण्यासारखे. मुक्त म्हणजे ज्यावर आपला हक्क आहे असे. लिनक्स पैसे न देता मिळते, ही दुय्यम गोष्ट आहे. ते मुक्त आहे, ही मुख्य गोष्ट आहे. त्याचा जीपीएल हा परवाना म्हणतो, की घ्या, वापरा, बदला, वाटा. परंतु बदललेली प्रत दुसऱ्याला देताना तिची मूळ संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे. म्हणजे तळ्यावर सर्वांनी यावे, पाणी भरावे, गाळ काढावा. पण तळ्याला कुंपण घालून स्वतःची पाटी लावण्याचा अधिकार कुणालाही नाही.

तळ्याची उपमा आम्ही उगाच दिलेली नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी २० मार्च १९२७ पर्यंत हक्क कागदावरच राहिला. बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो पावले तळ्याकडे चालत गेली तेव्हा तो हक्क बजावला गेला, आणि त्यानंतरही उच्च न्यायालयाच्या निकालासाठी १९३७ साल उजाडावे लागले. महाडच्या संग्रामाशी संगणकाची तुलना करण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. परंतु त्यातला धडा लहान-मोठ्या सर्व कामांना लागू आहे: हक्क असून भागत नाही, तो वापरावा लागतो. लिनक्स पस्तीस-एक वर्षे सर्वांसाठी खुले आहे. आपल्यापैकी किती जणांनी ते वापरून पाहिले?

हे गरिबाचे तडजोडीचे साधन नाही

'चांगले ते श्रीमंताला आणि उरलेले आपल्याला' असा एक संशय आपल्या मनात असतो आणि तो अनुभवातून आलेला आहे. येथे मात्र तो निराधार आहे. आपल्या खिशातला अँड्रॉईड मोबाईल लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. आम्ही ज्या न्यायालयांत उभे राहतो तेथील खटल्यांची माहिती ठेवणारी सीआयएस प्रणाली मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे, आणि ई-कोर्ट प्रकल्पात न्यायाधीशांच्या संगणकांसाठी उबुंटू लिनक्स स्वीकारण्यात आले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरणही जाहीर केले.

केरळकडे पाहा. २००१ साली तेथे सुरू झालेल्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने पुढे सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आणल्या. आज 'काइट' ही तेथील सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली शाळांना देते. मजुराचे पोर आणि शिक्षकाचे पोर एकाच प्रणालीवर शिकते आणि ती घरी नेण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडे मात्र संगणक शिकणे म्हणजे एका कंपनीच्या खिडक्या कुठे उघडतात ते पाठ करणे, असे समीकरण झाले आहे. हे शिक्षण नव्हे, घोकंपट्टी आहे.

आधी संगणकाची ओळख

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली पायरी म्हणजे आपल्या संगणकात रॅम किती आहे आणि त्याचा प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, हे पाहणे. विंडोज अजून उघडत असेल तर 'माय कॉम्प्युटर' किंवा 'धिस पीसी'वर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' पाहावे. येथे एक खुबी आहे. आत ३२ बिटची विंडोज असली तरी प्रोसेसर ६४ बिटचा असू शकतो. तेथे 'एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असे शब्द दिसले तर प्रोसेसर ६४ बिटचा समजावा.

४ जीबी रॅम आणि ६४ बिट प्रोसेसर असेल तर नवशिक्यांनी डोळे मिटून 'लिनक्स मिंट'ची 'एक्सएफसीई' आवृत्ती घ्यावी. तिची मांडणी विंडोजसारखी आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. आपल्या आजीलाही ती दोन दिवसांत अंगवळणी पडेल. मिंटच्या २२ व्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. या आवृत्तीसाठी किमान २ जीबी रॅम सांगितलेली आहे, पण २ जीबीवर 'लुबुंटू' किंवा 'एमएक्स लिनक्स' यांसारख्या हलक्या प्रणालीही तपासून पाहाव्यात. 'बोधी लिनक्स' नावाचीही एक हलकी प्रणाली आहे आणि तिच्या पडद्याच्या मांडणीचे नाव 'मोक्ष' आहे. आपल्या कार्यकर्त्यांना नाव ऐकून भरून येईल, पण नावावर भाळून निर्णय घेऊ नये. चालवून पाहावी आणि मग ठरवावे.

१ जीबी रॅम किंवा ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर वाट अरुंद होते. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती २०२० पासून ३२ बिटसाठी येत नाही. डेबियन या जुन्या आणि मान्यवर प्रणालीनेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या जुन्या संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय काढली. तेथे डेबियन १२ किंवा तिच्यावर आधारलेली 'अँटीएक्स २३' उपयोगी पडेल. डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळायच्या आहेत. ५१२ एमबीच्या संगणकाला मात्र इंटरनेटच्या कामाला जुंपू नये. त्यावर टंकलेखनाचा सराव करावा आणि लहान मुलांना कळफलकाची ओळख करून द्यावी.

बसवायचे कसे?

बसवण्यापूर्वी जुन्या संगणकातील कागदपत्रे, फोटो, दाखल्यांच्या प्रती बाहेरच्या पेनड्राईव्हवर काढून घ्याव्यात आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडतात की नाही हे तपासावे. ही पायरी कुणीही वगळू नये. आपल्या माणसांचे जातीचे दाखले, १९५० पूर्वीच्या पुराव्यांच्या प्रती, चळवळीची छायाचित्रे पुसली गेली तर ती परत आणणारी कुठलीही प्रणाली जगात नाही.

त्यानंतर चालू स्थितीतील एखाद्या संगणकावर मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाईल उतरवावी. ती सुमारे ३ जीबीची असते. फाईल अर्धवट किंवा बदललेली नाही याची खात्री करण्यासाठी संकेतस्थळावर दिलेल्या खुणेशी, म्हणजे 'चेकसम'शी, ती ताडून पाहावी. मग ८ जीबीचा पेनड्राईव्ह घेऊन 'रुफस' किंवा 'एचर' या मोफत साधनाने ती फाईल त्यावर चढवावी. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. या कामात पेनड्राईव्हवरचा आधीचा मजकूर पुसला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

आता पेनड्राईव्ह जुन्या संगणकाला लावून तो सुरू करावा आणि पडद्यावर कंपनीचे नाव येताच एफ१२, एफ९, एफ२ किंवा एस्केप यांपैकी योग्य बटण दाबावे. कोणते, हे बहुधा पडद्याच्या तळाशी लिहिलेले असते. यादीतून पेनड्राईव्ह निवडला की लिनक्स थेट पेनड्राईव्हवरूनच उघडते. हार्डडिस्कला अजून हातही लागलेला नसतो. आपल्या धम्मात 'एहिपस्सिको' म्हटले आहे: या, पाहा, मग स्वीकारा. लिनक्सची ही सोय नेमकी तशीच आहे. वायफाय मिळते का, आवाज येतो का, कळफलकाची सर्व बटणे चालतात का, हे पाहून घ्यावे. पेनड्राईव्हवरून चालताना प्रणाली थोडी मंद वाटते. त्यावरून निकाल देऊ नये.

सर्व ठीक वाटले तर पडद्यावरील 'इन्स्टॉल' या चिन्हावर दोनदा टिचकी मारावी. भाषा विचारली जाते. तेथे मराठीही आहे. कळफलक, वायफाय, वेळेचा विभाग म्हणून कोलकाता, वापरणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड असे प्रश्न एकामागून एक येतात. महत्त्वाचा प्रश्न एकच असतो: विंडोजच्या शेजारी लिनक्स ठेवायचे की पूर्ण डिस्क पुसून फक्त लिनक्स बसवायचे? कमी साठवणीच्या जुन्या संगणकावर दोन संसार नीट नांदत नाहीत. कागदपत्रे बाहेर काढली असतील तर 'इरेज डिस्क' निवडावे. संगणकाच्या वेगानुसार अर्धा-पाऊण तासात काम होते. पासवर्ड मात्र वहीत लिहून अभ्यासिकेच्या सचिवाकडे ठेवावा.

बसवून झाल्यावर 'अपडेट मॅनेजर'ने दुरुस्त्या उतरवून घ्याव्यात, 'टाइमशिफ्ट'ने प्रणालीची एक प्रत जपून ठेवावी आणि कळफलकाच्या मांडणीत मराठी जोडावी. सरकारमान्य 'इनस्क्रिप्ट' मांडणी थोड्या सरावाने येते आणि ती एकदा आली की हिंदीही त्याच बोटांनी टाईप होते. पत्रे, अर्ज, हिशेब यांसाठी 'लिबरऑफिस' आधीच आलेले असते. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

चार रुपये योग्य जागी

लिनक्स ही जादूची कांडी नाही. जुन्या संगणकाचा खरा भस्मासुर आता इंटरनेटचा ब्राउझर आहे. प्रणाली कितीही हलकी असली तरी आजची संकेतस्थळे स्वतःच अवजड झाली आहेत. म्हणून २ जीबीच्या संगणकावर एका वेळी दोन-तीनच पाने उघडी ठेवावीत. शक्य झाल्यास जुनी फिरणारी हार्डडिस्क काढून छोटी एसएसडी बसवावी आणि जुन्या बाजारातून रॅमची एखादी पट्टी मिळवावी. संगणक ओळखू येणार नाही इतका फरक पडतो.

आणखी एक लहान बाब. जुना संगणक बंद करून चालू केला की तारीख मागे जाते, मग बँकेचे किंवा शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ 'असुरक्षित' म्हणून उघडत नाही आणि आपण दोष इंटरनेटला देतो. खरा दोष मदरबोर्डवरील रुपयाच्या नाण्याएवढ्या बॅटरीचा असतो. सीआर२०३२ नावाची ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही किरकोळ किमतीत मिळते. संगणक बदलण्यापूर्वी बॅटरी बदला. पंख्यात अडकलेली धूळही काढा. तापलेला संगणक हटकून मंदावतो.

जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर एका रात्रीत जी वर्गणी उधळली जाते तिचा काही भाग वळवला, तर एका अभ्यासिकेतील सर्व संगणकांना एसएसडी बसू शकते. आम्ही जयंतीच्या विरोधात नाही. पण महामानवाच्या पुतळ्यासमोर कानठळ्या बसवणारा आवाज आणि पुतळ्यामागच्या खोलीत बंद पडलेला संगणक, ही विसंगती कार्यकर्त्यांना बोचली पाहिजे.

अडचणी झाकून ठेवणार नाही

काही अडचणी खऱ्या आहेत. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटमधील फाईली लिनक्सवर नीट दिसत नाहीत. त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. काही जुने लेझर प्रिंटर दाद देत नाहीत, तर एचपीचे बहुतेक चालतात. डिजिटल स्वाक्षरीच्या काही टोकनची साधने लिनक्ससाठी मिळतात, काहींची नाहीत. म्हणून ई-फायलिंग करणाऱ्या वकील बांधवांनी आधी खात्री करावी. सरकारी टंकलेखन परीक्षा देणाऱ्यांनी परीक्षेच्या प्रणालीवर सराव करावाच. एखादे काम विंडोजशिवाय होतच नसेल तर अभ्यासिकेत एक संगणक अधिकृत परवान्याच्या विंडोजचा ठेवावा. आम्हाला कुठल्या कंपनीशी वैर नाही. एकाच दारावर सर्वांनी ताटकळत राहावे, याला आमचा विरोध आहे.

सर्वांत मोठी अडचण भाषेची आहे. लिनक्सविषयीची बहुतेक मदत इंग्रजीत आहे आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या वर्तुळात आपली मुले अजून तुरळक आहेत. तेथे दाराला कुलूप नाही हे खरे; पण उंबऱ्याशी हात धरून आत नेणारे कुणी नसले तर उघडे दारही परके वाटते. हे काम दुसरे कुणी येऊन करील, या आशेवर आपण बसू नये.

काय करावे?

प्रत्येक अभ्यासिकेने दोघांना हे काम शिकवावे: एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी म्हणून आम्ही मुद्दाम सांगतो. कारण संगणक उघडण्याचे पेचकस आपल्याही घरात अजून मुलाच्याच हाती दिले जाते. या दोघांनी पहिला संगणक स्वतः बसवावा, दुसरा शेजारच्या वस्तीतील दोघांना शिकवत बसवावा. एका पेनड्राईव्हवरून शंभर संगणक बसवता येतात आणि शंभरही कायदेशीर असतात, हे ध्यानात घ्या. बसवताना कोणती अडचण आली आणि ती कशी सोडवली, हे साध्या मराठीत एका वहीत लिहून ठेवावे. अशा पन्नास वह्या झाल्या की आपल्या भाषेत एक पुस्तिका तयार होईल आणि मदतीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ उरणार नाही.

कार्यालयांत अधिकारपदावर बसलेल्या आपल्या बांधवांनाही विनंती आहे. आपल्या खात्यातील निर्लेखित संगणक भंगारवाल्याच्या तराजूत जाण्यापूर्वी नियमानुसार शाळांना, वाचनालयांना देता येतील का, हे पाहावे. भंगारात गेलेला संगणक फोडतो कोण, त्याच्या तारा जाळून तांबे काढतो कोण, त्या धुरात कुणाची मुले श्वास घेतात? बहुतेक ठिकाणी ती आपलीच माणसे असतात. तोच संगणक आणखी पाच वर्षे चालला, तर तो धूर तेवढाच लांबतो आणि तेवढ्याच काळात एखादी मुलगी त्यावर अर्ज भरते, अभ्यास करते, कदाचित प्रोग्रॅम लिहायलाही शिकते.

येत्या रविवारी आपल्या अभ्यासिकेतील संगणकावरचे आवरण काढा. रॅम किती आहे ते पाहा. पेनड्राईव्ह आणा आणि कामाला लागा.

जयभीम!